ध्यान त्यांच्या फोनवर, दुखणे आपल्या शेतात

दिवाळी सरली की वर्धा जिल्ह्यात कापसाच्या वेचणीला जोर येतो. सेलू, देवळी, समुद्रपूर, हिंगणघाट या भागांत बाया सकाळी शेतात उतरतात आणि ऊन कलेपर्यंत कमरेत वाकून बोंडामागून बोंड वेचत राहतात. मजुरी किलोवर असते. म्हणजे पाठ सरळ करायला थांबणे म्हणजे हातचे पैसे सोडणे. त्याआधी पावसाळ्यात निंदण झालेले असते, दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी उरकलेली असते. चाळिशी गाठता गाठता अनेकींची कंबर कायमची धरते. दवाखान्यात क्ष-किरण काढले जातात, 'हाडांत काही दोष नाही' असे सांगितले जाते. मग गावातल्या औषधांच्या दुकानातून डायक्लोफेनॅकची पट्टी येते, कधी सुई टोचली जाते, चार दिवस बरे जातात आणि दुखणे मुक्कामाला परत येते. वर्षानुवर्षे त्याच गोळ्या पोटात गेल्यावर जठराला व्रण पडतो, मूत्रपिंडाला इजा होते, हे सांगायला त्या पट्टीवर जागा नसते.

या घरांत आता स्मार्टफोन पोहोचला आहे. त्याच फोनवर, बोट फिरवण्याच्या अंतरावर, जुनाट दुखण्यासाठी 'माइंडफुलनेस'चे आठ-आठ आठवड्यांचे कार्यक्रम उपलब्ध आहेत. वर्गणी बहुधा डॉलरमध्ये, भाषा बहुधा इंग्रजी आणि पार्श्वसंगीतात कुठल्याशा समुद्राची गाज. समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या देवळीतल्या बाईला ती गाज म्हणजे फोन बिघडल्याचा आवाज वाटेल!

हे सारे धनिकांचे चोचले आहेत असे म्हणून विषय झटकता आला असता तर बरे झाले असते. पण तसे नाही. अमेरिकेच्या माजी सैनिकांसाठीच्या आरोग्यसेवेत झालेली एक मोठी चाचणी २०२४ साली 'जामा इंटर्नल मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. हाडे आणि स्नायूंच्या जुनाट दुखण्याने गांजलेले ८११ माजी सैनिक तीत सहभागी झाले होते आणि त्यांत जवळपास निम्म्या स्त्रिया होत्या. एका गटाने आठ आठवडे दूरस्थ पद्धतीने एकत्र येऊन अनुभवी शिक्षकाच्या ध्वनिचित्रफिती पाहिल्या, सराव केला, चर्चा केली. दुसऱ्या गटाने तेच घरी एकट्याने केले. सोबतीला मार्गदर्शकाचे फक्त तीन दूरध्वनी. तिसऱ्या गटावर नेहमीचे उपचार चालू राहिले. वर्षभर मोजमाप केल्यावर दोन्ही ध्यानगटांत दुखण्यामुळे रोजच्या कामात येणारा अडथळा नेहमीच्या उपचारांपेक्षा कमी झालेला आढळला. एकट्याने करणारे गटात करणाऱ्यांच्या फारसे मागे नव्हते. सुधारणा डोळे दिपवणारी नव्हती, पण टिकलेली होती.

त्याआधी २०१६ साली ३४२ कंबरदुखीग्रस्तांवर झालेल्या अशाच चाचणीत, सहा महिन्यांनी ध्यानगटातील ६०.५ टक्के लोकांच्या हालचालींत अर्थपूर्ण सुधारणा दिसली होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ४४.१ टक्के. मानसोपचाराची प्रचलित पद्धत वापरणाऱ्यांत ५७.७ टक्के, म्हणजे ध्यान काही जादूची कांडी ठरले नाही. एका चांगल्या उपचाराच्या बरोबरीला येऊन बसले. २०१७ साली अमेरिकेतील वैद्यांच्या एका प्रमुख संघटनेने जुनाट कंबरदुखीत औषधांआधी ज्या उपायांची शिफारस केली, त्यांत याचाही समावेश होता आणि योगाचाही. ब्रिटनच्या मार्गदर्शक समितीने मात्र २०२१ साली, कारण स्पष्ट न सापडणाऱ्या जुनाट वेदनांबाबत, या पद्धतीची शिफारस न करता आणखी संशोधन मागितले. एवढे सगळे सांगूनच पुढे जायला हवे. कारण ज्यांना आपल्या वारशाचा अभिमान आहे त्यांनी सोयीचे आकडे तेवढे सांगण्याची सवय लावून घेतली, तर त्या अभिमानाला काही किंमत उरत नाही.

तर या कार्यक्रमांत करतात तरी काय? स्वस्थ बसायचे किंवा पडायचे. श्वास येतो-जातो तो पाहायचा. मग पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत शरीराच्या एकेका भागावर लक्ष फिरवायचे. तिथे जी संवेदना असेल ती आहे तशी पाहायची, तिच्याशी भांडायचे नाही, तिला कवटाळायचेही नाही. सोबत थोडी सावकाश केलेली आसने. ही कृती वाचून कोणत्याही मराठी माणसाला 'हे कुठेतरी ऐकले आहे' असे वाटेल. वाटणारच. 'माइंडफुलनेस' हा शब्दच मुळात पालीतील 'सति'चे, म्हणजे संस्कृत 'स्मृती'चे भाषांतर आहे. रीस डेव्हिड्स या इंग्रज पंडिताने १८८१ साली ते केले. पुढे तो इंग्रजी शब्द एवढा मोठा झाला की आज मराठी जाहिरातींत आपण तोच देवनागरीत लिहितो आणि त्याचे परत मराठीकरण करण्यासाठी 'सजगता' वगैरे शब्द पाडतो. पणजोबांचे घड्याळ परदेशातल्या दुकानातून विकत आणावे, तसा हा व्यवहार.

या घड्याळाचा एक धागा थेट वर्धा जिल्ह्यात येतो, आणि तो आज जिल्ह्यातच फार थोड्यांच्या लक्षात आहे. गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी (जन्म १८७६) बुद्धाच्या शोधात घर सोडून निघाले, सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेशात राहून पाली शिकले, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ती शिकवली. १९१० साली ते अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील हार्वर्ड विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी ज्यावर अनेक खेपांत काम केले तो 'विसुद्धिमग्ग' हा ध्यानमार्गाचा पायाभूत ग्रंथ. श्वासावर स्मृती स्थिर करण्याची विद्या त्यात पायरी-पायरीने दिली आहे. कोसंबींनी मराठी वाचकासाठीही ध्यानावर 'समाधिमार्ग' लिहिले. अखेर जून १९४७ मध्ये सेवाग्रामच्या आश्रमात अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला. हिंदू परंपरेविषयीची त्यांची सगळी मते मान्य होण्यासारखी नाहीत. तो वेगळा विषय. पण ज्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १९७९ साली जॉन कबाट-झिन यांनी वूस्टरच्या वैद्यकीय महाविद्यालयात तणावनिवारणाचे पहिले केंद्र काढले, त्याच राज्यात सहा-सात दशके आधी एक मराठी माणूस त्या विद्येचा मूळ ग्रंथ संपादित करत बसला होता, आणि त्याची राख वर्ध्याच्या मातीत मिळाली. या दोन गोष्टी एका वाक्यात सांगणारे एक पाठ्यपुस्तक महाराष्ट्राला करता येऊ नये?

दुसरा धागा रंगूनचा. सत्यनारायण गोयंका हे ब्रह्मदेशातील मारवाडी उद्योजक, तिथल्या हिंदू समाजाचे पुढारी. त्यांना अर्धशिशीचा असा त्रास की मॉर्फिन टोचावे लागे. युरोप, अमेरिका, जपान सारे पालथे घालून झाले. १९५५ साली ते ब्रह्मदेशाचे महालेखापाल आणि ध्यानाचे आचार्य ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हिंदू घरातल्या माणसाने बौद्ध साधना करावी का, हा संकोच मनात होताच. पण खरी गंमत पुढे आहे. डोकेदुखी घालवण्यासाठी शिकायचे असेल तर शिकवणार नाही, असे ऊ बा खिन यांनी त्यांना स्पष्ट बजावले. साधना चित्तशुद्धीसाठी आहे. दुखणे गेले तर तो आनुषंगिक लाभ. गोयंका १९६९ साली भारतात आले, १९७६ पासून इगतपुरीचे धम्मगिरी उभे राहिले, आणि आज नागपूरजवळ माहुरझरीलाही केंद्र आहे. दहा दिवसांचे निवास, भोजन, शिक्षण, शुल्क शून्य. आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर सारे चालते.

त्याच ऊ बा खिन यांच्या एका अमेरिकन शिष्याच्या शिबिरात कबाट-झिन बसले होते, आणि अंगभर लक्ष फिरवण्याची कृती तिथून त्यांच्या कार्यक्रमात आली. म्हणजे इगतपुरी आणि वूस्टर या एकाच झऱ्याच्या दोन धारा. एकीने नाव, शील, गुरुपरंपरा सगळे ठेवले आणि मोबदला नाकारला. दुसरीने नाव पुसले. कबाट-झिन यांनी २०११ साली एका लेखात स्वतःच सांगितले आहे की हा उपक्रम बौद्ध किंवा पौर्वात्य गूढवादी वाटू नये यासाठी त्यांनी सुरुवातीपासून भाषेची पराकाष्ठेची काळजी घेतली. रुग्णालयाच्या दारातून आत शिरण्यासाठी ते आवश्यक होते, हे मान्य. पहिल्याच अभ्यासात, १९८२ साली, त्यांनी ५१ जुनाट वेदनाग्रस्तांना दहा आठवडे शिकवले. दुसऱ्या सगळ्या उपायांनी हात टेकलेली ही माणसे होती. त्या माणसाची सचोटी नाकारण्याचे कारण नाही.

पण नाव पुसलेल्या वस्तूचे पुढे काय होते? तिच्यावर कोणीही आपला शिक्का मारतो. २०१० नंतर फोनवरील ध्यानाच्या कंपन्या निघाल्या, त्यांत भांडवल ओतले गेले. कर्मचाऱ्यांना रात्री अकरापर्यंत राबवणारे उद्योग त्यांनाच दहा मिनिटांचे 'सजग श्वसन' भेट देऊ लागले. कामाचे तास कमी करण्यापेक्षा ते स्वस्त पडते. २०१९ साली रोनाल्ड पर्सर या अमेरिकन प्राध्यापकानेच 'मॅकमाइंडफुलनेस' नावाचे पुस्तक लिहून या बाजारावर कोरडे ओढले. आपल्याकडच्या पुरोगामी म्हणवणाऱ्या मंडळींची मौज अशी की, आजीने डोळे मिटून जपमाळ ओढली तर ती अंधश्रद्धा; तेच डोळे अमेरिकन कंपनीच्या सूचनेवरून मिटले तर ते 'वेलनेस'!

इथपर्यंत टाळ्या सहज मिळतात. पुढे अवघड आहे.

'हे सगळे आमच्या ग्रंथांत आधीच होते' हे वाक्य म्हणणाऱ्या घरांत ध्यानाला कोण बसते? येणारे दुःख टाळता येते हे पतंजलींनी सूत्रात सांगितले, खरे. पण कंबरदुखीच्या ८० रुग्णांना दोन गटांत वाटून, एकाला योग आणि दुसऱ्याला साधा व्यायाम देऊन, आठवड्याने मोजमाप करण्याचे कष्ट बंगळुरूच्या योगसंशोधकांनी घेतले, तेव्हा २००८ साली ते जगाच्या वैद्यकीय वाङ्मयात आले. स्वामी कुवलयानंदांनी तर १९२४ सालीच लोणावळ्याला कैवल्यधाम काढून योगाला प्रयोगशाळेत नेले होते. त्यांचा वारसा सांगायचा आणि प्रत्यक्षात मोबाइलवर 'सात दिवसांत कंबरदुखी मुळापासून गायब' असे संदेश पुढे ढकलायचे, हे एकाच तोंडाने होऊ नये. भगवी वस्त्रे घालून कर्करोगापासून मणक्यापर्यंत सारे बरे करण्याची हमी देणारे बाजारबुणगे या विद्येचे जेवढे नुकसान करतात, तेवढे कुठल्याही परदेशी कंपनीने केलेले नाही. ऊ बा खिन यांनी डोकेदुखीच्या रोग्याला 'नाही' म्हटले होते, हे त्यांनी एकदा ऐकावे.

आणि परीक्षेला भिण्याचे तर वर्ध्यात काही कारणच नाही. गोयंका भारतात आल्यावर पवनारला विनोबांना भेटले, तेव्हा विनोबांनी त्यांना गौरवपत्र दिले नाही, आव्हान दिले. तुमच्या साधनेने माणूस बदलतो म्हणता, तर कैद्यांवर आणि शाळकरी मुलांवर करून दाखवा. पुढे १९७५ साली जयपूरच्या कारागृहात शिबिर झाले, १९९४ साली तिहारमध्ये सुमारे हजार बंदी एका वेळी बसले. धाम नदीच्या काठी बसलेल्या त्या म्हाताऱ्याचा प्रश्न आज वेदनेबाबत विचारला जायला हवा.

आड येतो तो एक शब्द: सोशिक. मराठी घरात बाईला दिलेली ही सर्वांत मोठी पदवी आणि सर्वांत मोठी फसवणूक. 'फार सोशिक हो बिचारी', असे म्हटले की तिला दवाखान्यात नेण्याची जबाबदारी संपते. ध्यान म्हणजे सोसणे, असा अर्थ कोणी लावणार असेल तर त्यापेक्षा ते न शिकवलेले बरे. सोसणारा दात-ओठ खाऊन दुखण्याकडे पाठ फिरवतो. त्याची मान, जबडा, खांदे आवळले जातात, श्वास अडतो, आणि मूळ दुखण्यात ही नवी भर पडते. साधक दुखण्याकडे तोंड करतो. एक बाण लागलेला असताना स्वतःच्या हाताने दुसरा बाण मारून घेऊ नये, हा बुद्धाचा दृष्टान्त याच फरकाचा आहे. तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या वेदनेत अनेकदा जखम भरून गेलेली असते, पण मज्जासंस्थेतला धोक्याचा घंटानाद थांबलेला नसतो. भीती, झोपेचा अभाव आणि 'आता आपण कायमचे अपंग होणार' हा विचार ती घंटा आणखी जोरात वाजवतात. सराव त्या घंटेवर काम करतो. शेतातल्या वाकण्यावर नाही; त्यासाठी मजुरीचा दर, विश्रांती आणि अवजारे हवीत, हेही तितकेच खरे.

हिंगणघाटला जन्मलेल्या बाबा आमट्यांचे उदाहरण अशा वेळी हटकून दिले जाते. मणक्याच्या विकाराने त्यांना बसता येत नसे. उभे राहायचे किंवा आडवे पडायचे. १९८५ साली कन्याकुमारीहून निघालेल्या 'भारत जोडो' यात्रेत ते मोटारीत बिछान्यावर पडून देशभर फिरले. उदाहरण थोर आहे. पण त्यांच्या मोटारीत बिछाना होता, शेजारी साधनाताई होत्या, भोवती जीव लावणारी तरुण मुले होती, आणि दुखण्याहून मोठे असे काम समोर होते. यांतले काहीच न देता वेचणाऱ्या बाईला फक्त बाबांचे धैर्य ऐकवणे हा निव्वळ कोरडेपणा आहे.

तिला द्यायचे ते तिच्या भाषेत द्यावे लागेल, आणि इथे मराठीचे बळ पाहण्यासारखे आहे. संवेदना नेमकी ओळखणे हा या सरावाचा प्राण. इंग्रजी ध्वनिफीत तीन-चार ठराविक शब्दांवर भागवते. मराठी बाईजवळ काय नाही? ठणका वेगळा, कळ वेगळी. चमक निघते, उसण भरते, लचक बसते. गळू ठुसठुसते, हाडे कणकणतात, तळपाय भगभगतात, पायाला मुंग्या येतात, पोटरीत गोळा येतो, शीर आखडते, सांधा धरतो, अंग जड होते. यातला प्रत्येक शब्द म्हणजे कोणा पूर्वजाने आपल्या दुखण्याकडे स्थिरपणे पाहिल्याचा पुरावा आहे. 'आता कमरेत काय आहे? ठणका की ओढ? एका जागी की पसरलेली? श्वास सोडताना तशीच राहते की सैल होते?' असे विचारले की निम्मा धडा आपोआप झाला. अमेरिकन वर्गात पहिला धडा मनुका खाण्याचा असतो. एकच मनुका, पाच मिनिटे, लक्षपूर्वक. आर्वी-कारंज्याकडे तो संत्र्याच्या फोडीवर करावा. भाषांतर नव्हे, ही पुन्हा घरातली मांडणी असेल.

यंत्रातून साधना शिकवणे परंपरेला धरून नाही, असा आक्षेप येतो. तो इगतपुरीने केव्हाच निकालात काढला आहे. तिथल्या शिबिरांत सूचना आणि प्रवचने गोयंकांच्या मुद्रित आवाजातच दिली जातात, २०१३ साली त्यांचे निधन झाल्यानंतरही. समोर सहायक आचार्य शंका सोडवायला असतात. आवाज मुद्रित, माणूस जिवंत. अमेरिकन चाचणीतले तीन दूरध्वनी हे त्याच सूत्राचे धाकटे रूप. मात्र दहा दिवसांचे मौन आणि रोजची वीस मिनिटे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तीव्र मनोविकार असलेल्यांना पहिलीत ढकलणे धोक्याचे आहे, हे विसरता कामा नये.

वर्ध्यात उणीव कशाची आहे? सेवाग्रामला १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी उभे केलेले महाविद्यालय आहे, जिथे नवे विद्यार्थी आधी आश्रमात राहतात आणि प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. सावंगीला विनोबांच्याच नावाचे रुग्णालय आहे, फिजिओथेरपीचे महाविद्यालय आहे, सालोडला आयुर्वेदाचे. उपकेंद्रांची आरोग्य मंदिरे झाली, तिथे योगवर्गांची तरतूद आहे. गावोगावी आशाताई आहेत, बचतगट आहेत. संघटनेचे कार्यकर्ते रोज कोणा ना कोणाच्या ओसरीवर बसलेले असतात. एवढी सामग्री वूस्टरलाही नव्हती.

क्रम मात्र चुकता कामा नये. आधी वैद्याची तपासणी. पाय बधिर पडणे, लघवीवरचा ताबा जाणे, ताप, वजन घटणे यांपैकी काही असेल तर ध्यान बाजूला ठेवून रुग्णालय. मणक्याचा क्षय आपल्याकडे दुर्मीळ नाही. मग चालणे, व्यायाम, गोळ्यांची मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करणे. त्याच्या जोडीला सराव, रोज, आठ आठवडे. आणि सुरुवातीला, मध्ये, शेवटी नोंद: किती वेळ वाकता येते, झोप किती लागते, गोळ्या किती लागल्या. गुण आला नाही तर तसे लिहायचे.

पहिल्या ध्वनिफितीला एक शांत खोली लागते, एक ध्वनिमुद्रक लागतो आणि वऱ्हाडी कानाला परका न वाटणारा बाईचा आवाज लागतो. आषाढात निंदण सुरू होण्याआधी ती देवळीच्या एखाद्या बचतगटाच्या बैठकीत वाजावी, यात कोणाची आडकाठी आहे?